पुढची डावी सीट

बिबवेवाडीत आप्पासाहेब झांबऱ्यांची गाडी धड पाहिलेला माणूस विरळा. गाडी आहे हे सगळ्यांना ठाऊक. सोसायटीत जिन्याखाली ती उभी असते हेही ठाऊक. पण तिच्यावर राखाडी कव्हर, कव्हराखाली जुनी चादर, आणि चादरीखाली बॉनेटवर विजयमालाबाईंच्या टाकून दिलेल्या परकराचा तुकडा. तिसऱ्या मजल्यावरच्या शालूताई म्हणत, "नव्या नवरीलासुद्धा इतकं झाकत नाहीत हो." शालूताईंना प्रत्येक घरातली आतली बातमी असते, आणि ज्या घरातली नसते त्या घराची त्या स्वतः बनवतात. पण या बाबतीत त्यांना काही बनवावं लागलं नाही. आप्पासाहेबांनी एकट्यानं भरपूर माल पुरवला होता.

आप्पासाहेब असे का झाले, हे कळायला त्यांची नोकरी कळायला हवी. बिबवेवाडी हे गाव होतं तेव्हापासूनचं त्यांचं घराणं. शेतांवर इमारती आल्या, त्यातल्याच एकीत झांबऱ्यांना फ्लॅट मिळाला, आणि लहानपणी जिथं मेथीला पाणी दिलं तिथंच आता ते गाडीला कव्हर घालतात. शेतीत त्यांचं मन नव्हतंच. मिसरूड फुटल्याबरोबर ते स्वारगेटकडच्या बसच्या वर्कशॉपात लागले, ते थेट सीट विभागात. शहरभरच्या फाटक्या सीटा तिथं यायच्या. रेक्झिन उसवायचं, चेपलेला फोम काढायचा, नवा बसवायचा, वरून पुन्हा रेक्झिन ताणून ठोकायचं. निवृत्त होईपर्यंत हेच केलं. शेवटी त्या विभागाचे फोरमनही झाले.

आणि त्या सीटांच्या पोटात त्यांना माणसाचं खरं रूप दिसलं. च्युइंगम, ब्लेडचं पातं, प्रेमपात्राच्या नावासकट कोरलेला बदाम, तिकिटांच्या सुरळ्या, एकदा तर कुणाची तरी कवळी. पण त्यांचा खास राग होता तो शेंगांच्या टरफलांवर. "च्युइंगम एका जागी गप बसतं," ते हातवारे करून सांगत, "टरफल शिवणीत शिरतं. एकदा शिरलं की सीट मरेल पण टरफल निघणार नाही." त्यांच्या आयुष्याचं सगळं तत्त्वज्ञान मग एका वाक्यात मावलं: माणूस बसला की सीट मेली.

हे तत्त्वज्ञान वर्कशॉपात राहिलं असतं तर कुणाचं काही बिघडलं नसतं. पण ते संध्याकाळी डब्याबरोबर घरी येई. घरात सोफ्यावर प्लास्टिक, गाद्यांवर दुकानातून आलेलं प्लास्टिक, टीव्हीचा रिमोट पिशवीत घालून वर रबर. उन्हाळ्यात पाहुणा सोफ्यावरून उठला की चर्रर्र असा आवाज व्हायचा आणि पाहुणा आपलं काय फाटलं म्हणून मागं चाचपायचा. यात गंमत अशी की विजयमालाबाई महापालिकेच्या शाळेत शिवणाच्या बाई होत्या. बोटांना कापड लागल्याशिवाय चैन न पडणारी बायको आणि प्लास्टिकवर जीव टाकणारा नवरा! "वरातीत मला प्लास्टिक घातलं नाहीत, एवढे उपकार केलेत," असं त्या म्हणायच्या.  आप्पासाहेब यावर राहूनच गेलं, असा चेहरा करत.

तर निवृत्तीनंतर गाडी घ्यायची ठरली. छोटीच. मंडईच्या गर्दीतून निघेल, सोसायटीत जिन्याखाली मावेल, दोन माणसं आणि एक पिशवी घेऊन सुखानं जाईल अशी. निवड करायला बरोबर जब्बारभाई होते. जब्बारभाईंचं मंडईजवळ सुतळी-दोरखंडांचं दुकान, वडिलांच्या वडिलांपासूनचं. दोघं शाळेपासूनचे मित्र, म्हणजे एकमेकांचा अपमान करण्याचा दोघांना पूर्ण अधिकार. जब्बारभाईंनी तीच गाडी पांढऱ्या रंगात घेतली. झांबऱ्यांकडे रंग विजयमालाबाईंनी ठरवला. कंपनीच्या पत्रकात त्याला काहीतरी लांबलचक इंग्रजी नाव होतं. बाईंनी एक नजर टाकली आणि म्हणाल्या, "हा चिंतामणी रंग. माझ्या लग्नातल्या शालूचा. हाच."

दोन्ही गाड्या एकाच दिवशी शोरूममधून निघाल्या. तिथला मुलगा सीटवरचं प्लास्टिक फाडायला वाकला तेव्हा आप्पासाहेब असे ओरडले की शेजारच्या टेबलावरचं गिऱ्हाईक उठून उभं राहिलं.

"हात लावू नका!"

"काका, हे काढायचंच असतं. फक्त वाहतुकीत मळू नये म्हणून—"

"मग वाहतूक संपली का? आता तर सुरू होतीये."

 जब्बारभाईंनी स्वतःच्या गाडीतलं प्लास्टिक तिथंच टराटरा फाडलं, त्याचा गोळा केला आणि आप्पासाहेबांच्या हातात दिला. "घे. तुझं फाटलं तर ठिगळ लावायला." मग सारसबागेत गणपतीसमोर दोन्ही गाड्यांना हार घातले, चाकाखाली लिंबं ठेवली. सकीनाभाभींनी पेढे आणले होते. विजयमालाबाई पुढच्या डाव्या सीटवर बसल्या आणि पहिल्याच वळणावर हळूच सरकून दारावर आदळल्या. त्या दिवशी त्या हसल्या.

हसू मे महिन्यापर्यंत टिकलं. मे महिन्यात दोघं तुळजापूरला निघाले. कुलदैवत, नवी गाडी, पहिला लांबचा प्रवास. बाईंनी हौसेनं इरकल नेसलं. आप्पासाहेबांनी एसी लावला नाही, कारण इंजिनावर ताण येतो. काच उघडली नाही, कारण धूळ येते. आता डोळ्यांसमोर आणा: मे महिना, सोलापूर रस्ता, बंद काचा, खाली प्लास्टिक आणि वर इरकल. आप्पासाहेबांनी ब्रेक दाबला की बाई पुढं घसरत, गाडी पळाली की मागं चिकटत. पाठीवरून घामाचे ओघळ. शिवाय थर्मासमधला चहा गाडीत प्यायचा नाही. सांडेल.

भिगवणजवळ बाईंनी विचारलं, "हे प्लास्टिक कधी काढणार?"

"काढायचं कशाला? उद्या विकायची झाली तर सीट कोरी पाहिजे. घेणारा आधी सीट बघतो."

विजयमालाबाईंनी पदरानं मानेवरचा घाम टिपला. मग अगदी शांतपणे म्हणाल्या, "म्हणजे ही सीट त्या घेणाऱ्याच्या बायकोसाठी जपताय. ती बसेल कापडावर. मी नुसती वॉचमन. तिचं नाव-गाव कळलं तर सांगा हो, हळदीकुंकवाला बोलावते. तोवर गाडी थांबवा."

आप्पासाहेबांना वाटलं पाणी प्यायचं असेल. त्यांनी एसटी स्टँडसमोर गाडी थांबवली. बाईंनी पर्स घेतली, ओटीचं सामान घेतलं, चर्रर्र करून उठल्या, आणि समोर उभ्या असलेल्या पुण्याच्या एसटीत जाऊन खिडकीशी बसल्या. आप्पासाहेब खिडकीखाली गेले.

"अगं, लोक बघतायत."

"बघू दे. त्या सीटवर कापड दिसेल त्या दिवशी बसेन. तोवर देवीची माफी मी मागते, तुमची तुम्ही मागा."

एसटी सुटली. आणि मग सोलापूर रस्त्यानं एक विलक्षण वरात पाहिली. पुढं लाल एसटी, तिच्या खिडकीत गार वारा खात पेरू खाणाऱ्या विजयमालाबाई, आणि मागं कोरी करकरीत चिंतामणी गाडी, काचा बंद, आत घामानं डबडबलेले आप्पासाहेब. स्वारगेटला बाई उतरल्या. आप्पासाहेबांनी दार उघडून धरलं. बाईंनी रिक्षा केली. आप्पासाहेब रिक्षाच्या मागं बिबवेवाडीपर्यंत आले. रिक्षावाल्यानं शेवटी विचारलंच, "मावशी, हा माणूस मगापासून मागं लागलाय, पोलिसांना फोन करू का?" बाई म्हणाल्या, "नको. निरुपद्रवी आहे." शालूताई गॅलरीत होत्याच. सूर्य मावळायच्या आत सगळ्या सोसायटीत गोष्ट पोचली होती.

त्या दिवसापासून चिंतामणी गाडीची पुढची डावी सीट रिकामी. घरात भांडण वगैरे काही नाही. बाई चहा देत, आप्पासाहेब भाजी निवडून देत, दोघं बसून मालिका बघत. फक्त कुठं जायचं झालं की बाई रिक्षानं आणि आप्पासाहेब गाडीनं, एकाच ठिकाणी, एकाच वेळी. एका लग्नात दोघं कार्यालयाच्या दारात समोरासमोर आले तर यजमानांनी त्यांची एकमेकांशी ओळख करून दिली म्हणे. हे शालूताईंचं, म्हणजे किती घ्यायचं ते तुम्ही ठरवा.

पण एक गोष्ट आप्पासाहेब कुणाला सांगत नसत. मंडईतून भाजी आणताना ते पिशवी मागं ठेवत नसत. पुढच्या डाव्या सीटवर ठेवत आणि तिला पट्टा लावत. सिग्नलला गाडी थांबली की सवयीनं डावीकडं बघत. तिथं कोबी असे. आयुष्यभर ते वर्कशॉपात आणि बाई शाळेत. रविवारी ओव्हरटाइम. एकमेकांशेजारी बसून कुठं जायचं राहूनच गेलं होतं, आणि गाडी घेतली ती त्याचसाठी. हे त्यांना पक्कं माहीत होतं. प्लास्टिक काढणं तेवढं हाताला जमत नव्हतं. इतकी वर्षं फाटक्या सीटा शिवलेल्या हातांना कोरी सीट उघडी टाकणं म्हणजे तान्हं मूल रस्त्यावर ठेवण्यासारखं वाटे.

आणि वर त्यांचा एक प्रामाणिक गैरसमज होता. सर्व्हिसिंग झालं की शोरूममधून ऋतिका नावाच्या मुलीचा फोन येई. इंजिनाला दहापैकी किती? दहा. सर्व्हिसला? आठ. सीटच्या आरामाला? "दोन," आप्पासाहेब ठणकावून सांगत. "मी सीट विभागाचा फोरमन होतो, मला शिकवू नका. माणूस घसरतो, पाठ भाजते. फोम हलका वापरलाय तुम्ही." ऋतिका बिचारी "नोंद घेते सर" म्हणे. हाच प्रश्न जब्बारभाईंना विचारला की ते म्हणत, "दहा. अकरा असतील तर अकरा." आप्पासाहेबांना खात्री होती की एकतर जब्ब्या खोटं बोलतो, नाहीतर पांढऱ्या गाड्यांना कंपनी वेगळा फोम घालते.

"अरे प्लास्टिकवर बसून तू सीटला नावं ठेवतोस!" जब्बारभाई दुकानात सुतळीचा गुंडा आपटून म्हणायचे. "जिलबीचा पुडा बाहेरून चाटायचा आणि गोड नाही म्हणायचं!"

"तुझ्या गाडीत बसायला जागा तरी आहे का? उकिरडा केलायस."

हे मात्र खरं. जब्बारभाईंची पांढरी गाडी आता पांढरी म्हणायची एवढंच. ती गुलबर्ग्याला जाऊन आली, कोकणात जाऊन आली, दुकानाचे दोर वाहून आली, नातवंडांच्या शाळेत रोज गेली. दाराला खरचटलेलं, सीटवर आइस्क्रीमचा डाग, मागं बिस्किटांचा चुरा. पण किल्ली फिरवली की पहिल्या झटक्यात सुरू.

अशी काही वर्षं गेली. त्या वर्षी गणपती उठले आणि वाईहून श्यामलाचा फोन आला. श्यामला ही विजयमालाबाईंची धाकटी बहीण. तिच्या नातवाचा पहिला वाढदिवस, रविवारी सगळ्यांनी यायचं. त्याच रविवारी जब्बारभाई आणि सकीनाभाभी पाचगणीला निघाले होते. त्यांची नात अलिझा तिथं शाळेत शिकवते. वाई वाटेवरच. विजयमालाबाईंनी जेवताना जाहीर केलं, "मी सकीनाभाभींबरोबर जातीये. त्यांच्या गाडीत."

आप्पासाहेबांचा घास थांबला. रिक्षा वेगळी, एसटी वेगळी. पण तीच गाडी, तीच कंपनी, तीच सीट, आणि शेजारी जब्ब्या?

"आपली गाडी आहे की."

"आहे ना. परवा कव्हराचा एक कोपरा वर झाला होता, तेव्हा दिसली."

"मी चादर घालतो सीटवर. दुहेरी. मग तर झालं?"

"चादरीखाली काय असेल?"

आप्पासाहेबांनी ताटातली चटणी बोटानं सारखी केली.

"मग चादर माझ्याच अंगावर घाला," बाई म्हणाल्या आणि ताक वाढलं.

रविवारी सकाळी आप्पासाहेब इस्त्रीचा सदरा घालून खाली उतरले. बेत असा होता: जब्बारची गाडी पुढं, आपली मागं. मागं मागं जायची सवय होतीच. त्यांनी कव्हर काढलं, चादर काढली, परकराचा तुकडा घडी घालून ठेवला, किल्ली फिरवली. गाडीनं हूं की चूं केलं नाही. पुन्हा फिरवली. काही नाही. बॉनेट उघडलं तर आतून एक गुबगुबीत उंदीर बाहेर पडला, त्यानं आप्पासाहेबांकडे घरमालकानं भाडेकरूकडे बघावं तसं पाहिलं, आणि रमतगमत जिन्याखाली गेला. वायरी कुरतडलेल्या. आत चादरीच्या चिंध्यांचं उबदार घरटं.

जब्बारभाई मागं येऊन उभे होते. असा प्रसंग आयुष्यात वारंवार येत नाही हे त्यांना कळत होतं, म्हणून त्यांनी घाई केली नाही.

"आप्पा," ते म्हणाले, "इतक्या वर्षांत तुझ्या गाडीत सुखानं राहिलेला हा पहिलाच जीव. त्याला दहापैकी किती विचार."

सकीनाभाभींनी हसू पदरात लपवलं. "भाऊजी, चला आता आमच्यात. विजयावहिनी आणि मी मागं बसतो. तुम्ही पुढं बसा."

पुढं. डावीकडं. आप्पासाहेब त्या सीटकडे बघत राहिले. मग खिशातला रुमाल काढून चुरा झटकला, आइस्क्रीमच्या डागाला वळसा घालून बसले. दार लावलं.

कात्रज गेलं, खेड-शिवापूरचा टोलनाका गेला. मागं दोघी बायका कुणाकुणाच्या सुनांची उत्तरपूजा करत होत्या. जब्बारभाईंनी शिरवळजवळ कचकन ब्रेक मारला. आप्पासाहेबांनी पाय रोवले, दाराची मूठ घट्ट धरली, आणि घसरायची वाट पाहिली.

घसरले नाहीत.

त्यांना चमत्कारिक वाटलं. खंबाटकी घाट लागला. पहिल्या वळणाला त्यांनी पुन्हा मूठ धरली. गाडी वळली, दरी फिरली, आणि सीटनं त्यांना धरून ठेवलं. दुसऱ्या वळणाला त्यांनी मूठ सोडली. पाठीला कापड लागत होतं, जरा खरबरीत, जुनं, माणसांच्या बसण्यानं मऊ झालेलं. त्यांनी चोरून अंगठ्यानं सीटची कड दाबली, सोडली. फोम अलगद वर आला. पुन्हा दाबली. वर्कशॉपात हजारो वेळा दाबलेला फोम. हात खोटं सांगत नव्हता. हा चांगला फोम होता. आणि हा तोच होता.

तिसऱ्या वळणाला आप्पासाहेब झोपले. नुसते झोपले नाहीत, घोरले. वाईला पोचेपर्यंत घोरले. श्यामलाच्या दारात गाडी थांबली तेव्हा जब्बारभाईंनी त्यांच्या कानाशी तोंड नेऊन ऋतिकाच्या आवाजात विचारलं, "सर, सीटच्या आरामाला दहापैकी किती?"

आप्पासाहेब दचकून जागे झाले आणि म्हणाले, "गप बस जब्ब्या." पण दोन म्हणाले नाहीत. ही नोंद विजयमालाबाईंनी मागच्या सीटवर घेतली.

दुसऱ्या दिवशी चहा झाल्यावर आप्पासाहेब कात्री घेऊन खाली गेले. कुणाला सांगितलं नाही. पुढच्या डाव्या सीटपाशी गुडघे टेकले, प्लास्टिकच्या कडेला कात्री लावली, डोळे मिटले आणि कापलं. वर्कशॉपात सीट उसवताना यायचा तसाच आवाज झाला. मग डोळे उघडले.

सीट कोरी नव्हती. प्लास्टिकखाली ओल साठून साठून कापडावर हिरवट-काळ्या बुरशीचे डाग पडले होते. जुन्या पावसाळ्यांचा कोंदट वास भसकन बाहेर आला. उजव्या सीटचं कापलं. तिथंही तेच. मागच्या सीटवर तर नकाशा उमटला होता. जिच्या कापडावर कुणीही कधी बसलं नाही, आइस्क्रीम सांडलं नाही, शेंगेचं एक टरफल पडलं नाही, ती सीट जपता जपता कुजली होती.

आप्पासाहेब तिथंच फरशीवर बसले. हातात कात्री, मांडीवर प्लास्टिक. आयुष्यात त्यांनी हजारो मेलेल्या सीटा पाहिल्या होत्या. पण माणूस न बसता मेलेली ही पहिलीच.

विजयमालाबाई खाली आल्या तेव्हा शालूताई गॅलरीतून वाकून वाकून बघत होत्या. बाईंनी एकदा वर पाहिलं. शालूताईंना एकदम दूध उतू जात असल्याचं आठवलं. मग बाईंनी गाडीत डोकं घालून वास घेतला, बोट फिरवलं, आणि नवऱ्याकडे बघितलं. आप्पासाहेब आता टोमणा येणार म्हणून मान खाली घालून तयार होते. इतक्या वर्षांचा साठलेला, हक्काचा टोमणा.

"तुझंच बरोबर होतं," ते पुटपुटले. "मेली सीट."

"कापड मेलंय. फोम बघा."

त्यांनी अंगठा दाबला. फोम अलगद वर आला.

"जिवंत आहे," आप्पासाहेब म्हणाले, आणि पुन्हा एकदा दाबून बघितलं.

"मग फरशीवर बसून काय करताय? दसऱ्याचं धुणं काढायचंच आहे. गोधड्या निघतायत, पडदे निघतायत. तुमच्या सीटाही काढा. मशीनला तेल घालते मी."

पुढचे काही दिवस सोसायटीच्या गच्चीवर जे दृश्य होतं ते बघायला लोक दुसऱ्या इमारतींमधून आले. दोऱ्यांवर दसऱ्याचं धुणं, गोधड्या, चादरी, आणि मधोमध उन्हात पाय पसरून बसल्यासारख्या चार सीटा. आप्पासाहेब उघडे बसून जुनं कापड उसवत होते. बोटांना वर्कशॉपातला वेग परत आला होता. विजयमालाबाईंनी रविवार पेठेत जाऊन जाड सुती चौकटीचं कापड आणलं, कापून घेतलं, आणि जुन्या मशीनवर शिवायला बसल्या. तिथं खरी जुंपली.

"शिवण दुहेरी मार."

"मुलींना शिकवलंय मी शिवण. तुम्ही खिळे ठोका."

"सीटची शिवण आणि परकराची शिवण यात फरक असतो विजया."

"असतो. परकर नेसतात, झाकून ठेवत नाहीत."

कंबरेच्या जागी आप्पासाहेबांनी फोमची एक जादा पट्टी बसवली. का, ते सांगितलं नाही. बाईंनीही विचारलं नाही, पण त्यांची कंबर कुठं दुखते हे सोसायटीत फक्त एकाच माणसाला माहीत होतं. एकदा तर दोघं गच्चीवर उसवलेल्या सीटांवरच शेजारी शेजारी बसून चहा घेताना दिसली. गाडी खाली, सीटा वर, आणि ही दोघं जणू हवेतल्या हवेत कुठंतरी निघालेली. शालूताईंनी हे दृश्य पाहिलं आणि त्यांना पहिल्यांदाच त्यात भर घालावीशी वाटली नाही.

जब्बारभाईंनी मेकॅनिक धरून आणून वायरी बदलून दिल्या, आणि दसऱ्याला उंदरासाठी म्हणून बॉनेटवर वेगळं झेंडूचं फूल ठेवलं. आप्पासाहेबांनी राखाडी कव्हर त्यांना देऊन टाकलं. "दोरखंड झाक," म्हणाले.

कोजागिरी उलटल्यावर, तुळजापूरची गर्दी ओसरली तेव्हा, दोघं निघाले. बाईंनी तेच इरकल नेसलं. पुढच्या डाव्या सीटवर बसल्या, पाठ टेकली, जरा हलून बघितलं. कंबरेमागची पट्टी बरोबर जागेवर आली.  आप्पासाहेबांनी काच खाली केली. हडपसर गेलं, चौफुला गेला. वारा येत होता, बाईंच्या कपाळावरचे केस उडत होते. आप्पासाहेबांनी सिग्नल नसतानाही दोनदा डावीकडं बघितलं. कोबी नव्हता.

भिगवण आलं तशा बाई म्हणाल्या, "गाडी थांबवा."

आप्पासाहेबांनी गाडी कडेला घेतली. तेच स्टँड, तीच जागा, आणि समोर, दैवाची चेष्टा म्हणावी तशी, पुण्याकडे निघालेली एसटी. इंजिन सुरू, दार उघडं.

"कापड टोचतंय का?"

बाईंनी पट्टा सोडला. पर्स घेतली आणि उतरल्या. चर्रर्र आवाज झाला नाही, एवढंच काय ते. एसटीच्या दिशेनं चालत गेल्या आणि तिच्या मागं दिसेनाशा झाल्या. आप्पासाहेब स्टिअरिंग धरून बसले. रिकाम्या सीटकडे बघितलं. कापडावर त्या बसल्याचा खोलगट ठसा होता, आणि फोम सावकाश वर येत होता. चांगला फोम असा सावकाशच येतो. खिडकीखाली जाऊन काय बोलायचं ते त्यांनी मनात जुळवायला घेतलं. मागच्या वेळी लोक बघतायत म्हणालो होतो, या वेळी ते म्हणायचं नाही. या वेळी सरळ म्हणायचं, उतर. किंवा तू उतरत नसशील तर मी चढतो.

कंडक्टरनं घंटी मारली. आप्पासाहेबांनी दार उघडून एक पाय खाली टाकला. एसटी हलली, धूर सोडला, आणि निघून गेली.

धुराच्या मागून विजयमालाबाई येत होत्या. हातात कागदाची पुडी. त्या आल्या, दार उघडलं, बसल्या, पाठ टेकली.

"कुठं निघाला होतात?" त्यांनी आप्पासाहेबांच्या बाहेरच्या पायाकडे बघून विचारलं.

"कुठं नाही. पाय मोकळा करत होतो."

"एकच?"

आप्पासाहेबांनी पाय आत घेतला. बाईंनी पुडी सोडली. भाजलेल्या शेंगा, गरम. त्यांनी एक फोडली, दाणे तोंडात टाकले. टरफल हातातून निसटलं, इरकलावर पडलं, तिथून घरंगळत सीटवर, आणि सीटवरून थेट शिवणीत. दुहेरी शिवण होती. आप्पासाहेबांनीच मागितलेली.

आप्पासाहेबांनी ते बघितलं. आणि त्यांना ते बघताना बाईंनी बघितलं. गाडीत क्षणभर वाराही थांबला.

मग आप्पासाहेबांनी डावा हात पुढं केला.

"मला दे की चार," ते म्हणाले.